औषधाचा समास, नावाचा विग्रह



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जुने हजेरीपट चाळत होते. वाऱ्याची किती नावे आपण मुलांना दिली आहेत! पवन, समीर, अनिल. यांतील ‘अनिल’ मला विशेष प्रिय आहे. त्याच्या मुळाशी ‘अन्’ हा धातू आहे. अन् म्हणजे श्वास घेणे. ‘प्राण’ हा शब्दही त्याच धातूपासून आला. मी नोकरीला लागले तेव्हा असेच वाऱ्याचे नाव धारण केलेला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता, आणि त्याला दमा होता.

शहपुऱ्यात गव्हाची मळणी सुरू झाली की भुशाची धूळ घराघरांत शिरते. त्या दिवसांत तो रात्री बसून काढी. दिवसा वर्गात पेंगे, लिहू लागला की त्याचे बोट थरथरे. मी त्याला आळशी म्हटले, आणि तेही एकदा नव्हे. अखेर त्याच्या आईने पुडीतली गोळी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

ती दम्यावरची जुन्या पद्धतीची संयुक्त गोळी होती. तीत थिओफिलिन व एफेड्रिन श्वासनलिका मोकळी करण्यासाठी असत. परंतु एफेड्रिनने छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. म्हणून जोडीला शामक फिनोबार्बिटोन घालत, आणि त्याने झापड येते. मुलाचा कंप एका घटकाचा होता, पेंग दुसऱ्याची. आळस त्या गोळीत कोठेच नव्हता.

मी भाषेची शिक्षिका. समास दिसला की विग्रह करावासा वाटतो. त्या दिवसापासून औषधांचाही करू लागले. थिओफिलिन १८८८ मध्ये कॉसेल या जर्मन शास्त्रज्ञाला चहात सापडले. नावाचा अर्थच चहाचे पान. आपल्या सितोपलादि चूर्णात ‘सित’ म्हणजे पांढरा, ‘उपल’ म्हणजे दगड, अर्थात खडीसाखर. तिचे १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक घटक आधीच्याच्या निम्मा. पाठ करायला किती सोपे! परंतु नावात पहिलाच दिसतो, बाकी चौघे ‘आदि’च्या आड. कनकासवातले ‘कनक’ सोने नव्हे, धोत्रा आहे. आणि ‘श्वासकुठार’, म्हणजे श्वासरोगावरची कुऱ्हाड, हे नाव कितीही आश्वासक वाटले तरी आत पारा आणि बचनाग आहेत. वैद्याला न विचारता, केवळ नावावर विसंबून अशी औषधे मुलांना देणारी घरे मी पाहिली आहेत.

आता त्या तिहेरी गोळ्या मागे पडल्या. आजच्या पंपातही अनेकदा दोन औषधे एकत्र असतात. एक सूज उतरवते, दुसरे नलिका रुंदावते. एकाचा त्रास झाकायला दुसरे घालावे, असा तो प्रकार नाही.

प्रवेशाच्या वेळी मी पालकांना दोन प्रश्न विचारते: नाव कोणी ठेवले, आणि मूल कोणते औषध घेते? पहिल्याचे उत्तर हसत मिळते. दुसऱ्याला पुष्कळ जण बिचकतात, मुलींचे पालक तर अधिकच. पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून ‘साधा खोकला’ असे लिहून देतात. त्या पालकांना माझी विनंती आहे. पंप कपाटात नको, दप्तरात असू द्या. वर्गशिक्षिकेला त्याची कल्पना द्या, आणि औषधाचे वेष्टन आणून दाखवा, पुडी नको.