तुरतुक : मोजणीबाहेरची माणसं

लडाखमधलं तुरतुक तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. श्योक नदी, जर्दाळूची झाडं, दगडी घरं. गाव बाल्टी मुसलमानांचं, बोली तिबेटीच्या नात्यातली. फाळणीनंतरच्या लढाईपासून ते पाकिस्तानच्या ताब्यात होतं. डिसेंबर 1971 मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने ते घेतलं, सोबत त्याक्षी, चालुंका आणि थांगही.

त्या दिवसांत जे शिकायला, कामाला खाली स्कर्दूकडे किंवा आणखी लांब गेले होते, ते तिकडेच राहिले. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. गावाची माणसं कमी झाली, पण गाव सोडून जायचं कुणीच ठरवलं नव्हतं. मी डेटाबेसवाला माणूस. अशा घटीला जनगणनेत रकानाच नाही, हे मला खुपतं.

2010 मध्ये पर्यटकांसाठी गाव खुलं झालं. आता घरोघरी होमस्टे आहेत, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. खपलूकडे जाणारी जुनी वाट मात्र बंदच आहे. पलीकडचा भाऊ व्हिसाशिवाय येऊ शकत नाही. तुम्ही गेलात तर "इकडचं बरं की तिकडचं?" असलं काही विचारू नका. घरात माणसं किती, एवढंच विचारा आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा.