बाटली काळी झाली, मग?

आम्ही माकुणसारच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं. त्यात प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. आमच्यातल्या काही जणीही शिकल्या. जंतू तपासायची छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जंतू असल्याचा धोका समजायचा. दिसायला नितळ पाणीही काळं पडू शकतं.

पावसाळ्यात पाड्यावरच्या विहिरीचं पाणी तपासलं. बाटली काळी झाली. आम्ही लगेच म्हणालो, "होणारच! तिथे स्वच्छता कुठे असते?"

मग आमच्या आळीतल्या विहिरीची बाटलीही काळी झाली. आता मात्र आम्ही म्हणालो, "बाटली जुनी असेल. हात धुतले नसतील. आजेसासूपासून हेच पाणी पितोय, काय झालं?"

बाटल्या एकाच खोक्यातल्या, रीत तीच. तिकडे एक शंका नाही, इकडे शंभर! कारण आमची विहीर खराब मानली, तर रोज पाणी उकळणं आलं, विहिरीजवळच्या शोषखड्ड्याचा खर्च आला. आणि पाड्याला नावं ठेवायची सोय गेली. हे नको होतं, म्हणून मन सबबी शोधत होतं.

हे फक्त आपलंच होतं असं नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतज्वराने होणारे मृत्यू खूप घटले. तरी कित्येक डॉक्टरांनी ते मानलं नाही. मानलं असतं, तर आपल्याच हातांनी बाळंतिणींना आजार दिला हे कबूल करावं लागलं असतं.

आमच्या बैठकीत पाड्यावरची एक ताई शांतपणे म्हणाली, "बाटली काळी झाली नसती, तर ती जुनी आहे का असं विचारलं असतं का?"

कोणी काही बोललं नाही. दोन्ही विहिरींचं पाणी नव्या बाटल्यांत पुन्हा तपासलं. दोन्ही काळ्या. जलसुरक्षकाने दोन्हीकडे टीसीएल पावडर टाकली. आळीत आता पाणी खळखळ उकळून पितात. शोषखड्डा अजून हलायचाय.

मैत्रिणींनो, शंका जरूर घ्या. पण नावडत्या निकालावर घेता तेवढीच आवडत्या निकालावरही घ्या.