अंधारातला अनोळखी माणूस



रहस्यपट पाहताना प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न असतो : गुन्हा कोणी केला? १९४६ साली फ्रेंच समीक्षकांनी काही अमेरिकन गुन्हेपटांना 'नोआर', म्हणजे 'काळा', हे विशेषण लावले. रात्रीचे शहर, लांबलेल्या सावल्या आणि कोणावरही विश्वास ठेवू नये अशी हवा, ही या चित्रपटांची ओळख होय. त्या काळोखात अतिवास्तववादाचे स्वप्न मिसळले की प्रश्नच पालटतो. गुन्हेगार मागे पडतो आणि शोध घेणारा स्वतः कोण, हे कोडे उरते.

राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मुळे (१९६४) या कोड्याचा मराठी प्रेक्षकाला परिचय आहे. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर आरोपी म्हणून आलेली स्त्री सांगते, तुमची पत्नी मीच! चेहरा तोच, आठवणी त्याच. अखेर जुळ्या बहिणींचा उलगडा होतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी परततो. डेव्हिड लिंच यांच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये (२००१) मात्र अशी सुटका नाही. अपघातात स्मृती हरवलेली नायिका चित्रपटाच्या एका जाहिरातीवरून 'रिटा' हे नाव घेते. पुढे त्याच चेहऱ्यांना दुसरी नावे आणि दुसरी आयुष्ये लाभतात.

या दुसऱ्या जातीचे रहस्य शोधण्यासाठी भोपाळकरांना फार दूर जावे लागत नाही. 'पाठलाग' आला त्याच १९६४ साली गजानन माधव मुक्तिबोध निवर्तले. त्यांच्या अखेरच्या आजारात काही काळ भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले होते. श्योपूरला मराठी घरात जन्मलेल्या या कवीने हिंदीत लिहिले. त्यांच्या 'अँधेरे में' या दीर्घ कवितेत मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. दिवसा प्रतिष्ठित म्हणून मिरवणारी माणसे तीत कुप्रसिद्ध मारेकऱ्यासोबत चालत असतात. हे पाहणारा साक्षीदार म्हणजे जणू गुन्हेगारच. त्याचा पाठलाग सुरू होतो. आणि ज्या गूढ पुरुषाला तो स्वतः शोधत असतो, ती त्याचीच हरवलेली अभिव्यक्ती ठरते.

मणि कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' (१९८०) हा चित्रपट केला. मुक्तिबोधांचा 'मी' तेथे रमेशच्या तोंडून बोलतो. माधव आणि केशव हे मित्र त्याच्याशी वाद घालतात. एका माणसाचे अंतरंग असे तिघांत वाटले जाते. कोणता खरा, याचा निवाडा दिग्दर्शक देत नाही.

हे कोडे केवळ पडद्यावरचे नाही. आनंद नगरातल्या मराठी घरातील मूल आजीशी मराठीत बोलते आणि उंबरठा ओलांडताच हिंदीत हसते, भांडते. त्याची खरी ओळख कोणती, असे विचारणे 'पाठलाग'च्या न्यायालयात शोभेल. मुक्तिबोधांच्या काळोखात तो प्रश्न टिकत नाही. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. 'क्षिप्रा' ही त्यांची कादंबरी. एकाच घरातले दोन भाऊ ग्रंथालयात मात्र दोन कपाटांत विभागले जातात. शताब्दीच्या निमित्ताने ही दोन कपाटे शेजारी यावीत आणि एखाद्या संध्याकाळी मणि कौलांचा तो चित्रपट येथे दाखवला जावा. मराठी वाचकाला अंधारात भेटणारा तो माणूस तेव्हा कदाचित इतका अनोळखी वाटणार नाही.