आधी कर्मचारी, मग कंपनी

आपल्यातली बरीच मुलं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काहींना स्वतःचा धंदा काढायचाय. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो.

अमेरिकेत 'जेनी' नावाची कंपनी लोकांच्या वंशावळी इंटरनेटवर मांडून देते. कोण काय काम करतंय हे एकमेकांना कळावं म्हणून तिथल्या मंडळींनी घरच्यापुरतं एक सॉफ्टवेअर केलं. डेव्हिड सॅक्स यांना त्यातच धंदा दिसला. 2008 साली 'यॅमर' निघालं.

विकायची रीत पाहा. मोठ्या कंपनीत साहेबांच्या केबिनपासून सुरुवात केली तर महिनोन्‌महिने खेटे. यॅमर कर्मचाऱ्यांना फुकट होतं. कंपनीचा ईमेल पत्ता असला की झालं. एकाने दुसऱ्याला बोलवायचं. गट वाढला की व्यवस्थापनाला त्यावर ताबा हवासा वाटे, आणि पैसे त्या ताब्याचे! 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने यॅमर 1.2 अब्ज डॉलरना घेतलं.

मी सरकारी नोकर. आमच्याकडे परिपत्रक फिरतं, सह्या होतात, वाचतो कोण? म्हणून ही चाल मला पटते. खटकतं एवढंच, की ताबा साहेबांकडे गेल्यावर माणसं तिथे पूर्वीसारखी मोकळी बोलतील का? बिल तर साहेबच भरणार. आपल्यापैकी कोणी असं काही करत असेल, तर आरतीनंतर जरा थांबा. मला ऐकायचंय.