गव्हाचे गोत्र

शाबुओथ हा गव्हाच्या कापणीचा सण. म्हणून आज मी गव्हाच्याच कुळाविषयी बोलतो.

१९०६ साली आरोन आरोनसोन यांना रोश पिना येथे रानगहू आढळला. त्याचा दाणा तुसात घट्ट अडकलेला असतो. आपल्या गव्हाचा दाणा मळणीत सहज सुटतो, तो मुख्यतः ‘क्यू’ जनुकातील सूक्ष्म बदलामुळे. या जनुकाचे प्रथिन इतर जनुकांचे नियमन करते. त्याचेच एक भावंड मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपात फुलाच्या पाकळ्या घडवते. मूळ जनुकाच्या प्रती झाल्या, कामे वाटली गेली; परंतु डीएनएला धरणारा भाग अद्याप ओळखू येतो.

दूर पांगलेल्या कुळाची खूण टिकते, हे आपणां बेने इस्रायलांना निराळे सांगणे नलगे. तो रानातला नातलग नाहीसा झाला, तर त्याने जपलेला वारसाही जाईल. भाकरीवर ब्राखा म्हणताना त्याचेही स्मरण असावे.