घाणेरी आणि सेज

वनस्पतीचे नाव ही तिची ओळख नव्हे, ही साधी गोष्ट पुष्कळदा ध्यानात राहत नाही. शोभेच्या झाडाबाबत हा विसर क्षम्य ठरेल. परंतु पाला काढ्यात पडावयाचा असेल, तर तोच विसर जिवावर बेतू शकतो. इंग्रजी पुस्तकांतील ‘वाइल्ड सेज’, म्हणजे रानटी सेज, हे नाव याचे उत्तम उदाहरण होय.

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाचे उपनगर आहे. हुगळीतील गाळ आणून खारी दलदल भरण्याचे काम १९६२ मध्ये सुरू झाले आणि त्या भरावावर हे नगर वसले. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय आज तेथेच आहे. हुगळीपलीकडे शिबपूर येथे या संस्थेचा राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह असून त्यात सुमारे वीस लाख वाळवलेले नमुने जपून ठेवले आहेत. इतका खटाटोप कशासाठी? नाव आणि वनस्पती यांची गाठ पक्की राहावी म्हणून.

शिबपूरच्याच उद्यानात १८०९ च्या सुमारास अमेरिका खंडातील एक शोभेचे झुडूप लावण्यात आले. त्याचे शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. बंगालात त्याला पुटूस म्हणतात. महाराष्ट्रात घाणेरी किंवा टणटणी. पक्ष्यांनी त्याची फळे खाल्ली, बी रानोमाळ पसरले, आणि उद्यानातील पाहुणा देशभरच्या डोंगरउतारांचा मालक होऊन बसला. याच घाणेरीला इंग्रजीत वाइल्ड सेज असेही म्हणतात. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी खरखरीत पाने आणि पान चुरगाळताच येणारा उग्र दर्प, एवढ्या साम्यावर हे नाव पडले असावे.

खरा सेज मात्र साल्विया या कुळीचा, तुळशीचा आप्त. त्याची एक जाती, साल्विया प्लेबिया, भारतात ओलसर जागी रानटी उगवते. ती गुडघ्याएवढी, काटे नसलेली वर्षायू वनस्पती आहे. तिची जांभळट फुले अगदी बारीक आणि दोन ओठांची असतात. ती मंजिरीवर वलयांनी येतात. फळ रसाळ नसते. तुळशीप्रमाणे फुलाच्या पेल्यात चार कोरड्या बिया मिळतात. घाणेरी हे अनेक वर्षे टिकणारे झुडूप. तिच्या खोडावर बहुधा वाकडे काटे असतात, पण काही वाणांत ते नसतातही. म्हणून फुले व फळे पाहावीत. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, तांबडी फुले आणि पुढे हिरव्या फळांची काळी-जांभळी होणारी घोसदार मणी दिसली, की ती घाणेरी समजावी.

साल्वियाच्या बिया बाजारात कमरकस या नावाने विकल्या जातात आणि अतिसारावर त्या देण्याचा जुना प्रघात आहे. गंमत अशी, की पळसाच्या डिंकालाही कमरकसच म्हणतात! युरोपातील बागेतला सेज घसा धरल्यास गुळण्यांसाठी वापरतात. परंतु त्याच्या तेलातील थुजोन हे द्रव्य अधिक प्रमाणात पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. गर्भवतींनी व अपस्माराच्या रुग्णांनी ते तेल वर्ज्य मानावे.

घाणेरीचा पाला जखमेवर बाहेरून लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. कर्नाटकातील सोलिगा लोक तिच्या काड्यांपासून टोपल्या व खुर्च्या करतात. पण पाला पोटात घेण्याचा नव्हे. त्यातील लँटाडीन या द्रव्यांनी गुरांचे यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलपटते. दुष्काळात दुसरा चारा नसताना हा धोका विशेष असतो. मुलांनी हिरवी फळे खाऊ नयेत. १९६४ मध्ये अमेरिकेत अशा फळांमुळे एक मूल दगावल्याची नोंद आहे. पुढील काळातील बहुतेक प्रसंग सौम्य निघाले, तरी मुलाने फळे खाल्ली तर डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये. जाताना फांदीही बरोबर न्यावी.

ओळखीविषयी संशय असेल, तर फुलाफळांसह एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि सोबत स्थळ व दिनांक लिहावा. वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. तेथील तज्ज्ञांना किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना ती दाखवावी. ओळख पटेपर्यंत काढ्याचे भांडे चुलीवर चढवू नये.