वारा एकाच बाजूने येत नाही



राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात इथे उज्जैनमध्ये महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, हे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. मला आज त्याच मंदिराशेजारच्या, अलीकडच्या काळातील एका घटनेविषयी बोलायचे आहे.

11 ऑक्टोबर 2022 रोजी मंदिरालगतच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचे लोकार्पण झाले. 28 मे 2023 रोजी सोसाट्याचा वारा सुटला आणि तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. मूर्ती एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या होत्या. दोष कोणाचा, हे ठरवणे चौकशीचे काम. पण तेव्हापासून ‘फायबर म्हणजे तकलादू’ असे सर्रास बोलले जाते, ते मला मुळीच मान्य नाही. इथून जवळच, देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. त्यांची पातीही काचतंतूंचीच असतात. फरक पडतो तो संकल्पनात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 54 किलोमीटरला तो दर चौरस मीटरवर साधारण 14 किलो भरतो. आयएस 875 या भारतीय मानकात भोपाळसाठी दिलेला मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वेगाला हाच दाब 93 किलोंवर जातो. शिवाय मूर्ती म्हणजे सपाट भिंत नव्हे. वारा समोरून रेटतो, पाठीमागून खेचतो, बाजूला सुटणाऱ्या भोवऱ्यांनी हलवतो, आणि आशीर्वादासाठी पुढे केलेला हात अख्ख्या धडाला पीळ देतो. दगडी मूर्तीला तिचे वजनच सावरून धरते. पोकळ कवचाला तो आधार नाही. ते उलटू पाहते, तेव्हा सगळा ताण तळाच्या बोल्टांवर येतो.

हा ताण कवच किती सोसेल, ते धाग्यांच्या दिशेवर ठरते. एकाच दिशेने धागे घातलेले काचतंतू-इपॉक्सी धाग्यांच्या दिशेने सुमारे 1000 मेगापास्कल ताण सोसते. आडवे ओढले तर 40 च्या आसपासच तुटते. धोतराचे पान उभे-आडवे ओढून पाहा, फारसे ताणत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा, लगेच लांबते. पीळ नेमका याच तिरक्या दिशेने काम करतो. म्हणून शून्य आणि नव्वद अंशांच्या थरांबरोबर दोन्हीकडचे पंचेचाळीस अंशांचे थर हवेत, आणि मधल्या प्रतलाच्या दोन्ही बाजूंना रचना सारखी हवी, नाहीतर रेझिन घट्ट होतानाच कवच वाकते. काचतंतूंच्या तुकड्यांपासून केलेल्या मॅटमध्ये धागे सगळीकडे विखुरलेले असल्याने ती कुठल्याच बाजूला फार कमकुवत नसते, पण तिची ताकदही बेताचीच.

कारखान्यात साच्याजवळ उभे राहिलात तर खरी मेख दिसेल. खांदा आणि दंड मिळतात त्या वळणावर मॅट बसत नाही. कारागीर ती कापून चिकटवतो, रोलर तिथवर पोचत नाही, खाचेत नुसते रेझिन साठते. बाहेरून जेलकोट, म्हणजे रेझिनचा वरचा थर, चकचकीत असतो. आत धागा तुटलेला असतो. भार सर्वाधिक तिथे आणि धागा सर्वांत कमी! त्या कारागिराला मी दोष देत नाही. धागा कुठे अखंड न्यायचा, हे त्याला नकाशावर दाखवणे आपले, अभियंत्यांचे, काम होते.

तळाचेही तसेच. पातळ कवचाला भोक पाडून बोल्ट आवळला की भोकाभोवतीचे थर सुटू लागतात. आत पोलादी सांगाडा हवा, तो थेट चौथऱ्याच्या काँक्रीटपर्यंत जायला हवा, आणि कवच त्याला रुंद पट्ट्यांनी बांधायला हवे. उन्हात पोलाद आणि कवच सारखे प्रसरण पावत नाहीत, तेवढी सैल जागाही धरावी लागते.

2028 मध्ये इथे सिंहस्थ कुंभमेळा आहे. कमानी, मंडप, मूर्ती उभ्या राहतील आणि त्यांच्याखालून लाखो भाविक जातील. आपल्याला कळकळीची विनंती आहे: ज्या नकाशावर थरांच्या दिशा आणि तळाच्या बोल्टांचे गणित नाही, त्यावर सही करू नका, आणि प्रत्येक नमुन्यातली एक मूर्ती दोरखंडाने चहूबाजूंनी ओढून तपासल्याशिवाय बाकीच्या उभारू देऊ नका.